वऱ्हाडची कोरडी हवा, कापूस आणि बोटाला बसणारा चटका

१/
थंडीच्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडच्या घरांत एक प्रकार सर्रास घडतो. अंधारात लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना बारीक चटचट ऐकू येते आणि क्षणभर निळसर ठिणग्या दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला की बोटाला चटका बसतो. घरातले म्हणतात, "करंट लागला." या एवढ्याशा करंटाचा आणि वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
वऱ्हाडच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. कापूस इथे पिकत होता, तर त्याचे सूत लँकेशायरला आणि मुंबईला का निघाले? यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते : "हवेमुळे. इकडची हवा कोरडी, कोरड्या हवेत सूत तुटते. मँचेस्टरची आणि मुंबईची हवा दमट." या उत्तरातील विज्ञान खरे आहे. इतिहास मात्र अपुरा आहे. दोन्ही क्रमाने तपासू.

३/
आधी विज्ञान. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून किंवा घासून दूर झाले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. एक वस्तू धनप्रभारित होते, दुसरी ऋणप्रभारित. हवा दमट असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरून हा प्रभार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी असेल तर तो तिथेच साठून राहतो. शालेय पुस्तकांत यालाच स्थितिक विद्युत म्हणतात. साठलेला प्रभार धातूला स्पर्श होताच एकदम वाहतो आणि आपल्याला चटका बसतो.

४/
याचे आकडे चकित करणारे आहेत. असा चटका माणसाला जाणवतो तेव्हा अंगावरचा दाब साधारण ३,००० व्होल्टच्या घरात असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध तक्त्यानुसार, हवेतील सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर तोच आकडा १,५०० वर येतो. माणूस तोच, गालिचा तोच; फरक केवळ हवेतील ओलाव्याचा.

५/
वऱ्हाड समुद्रापासून दूर आहे. पावसाळा सरला की हवा कोरडी होऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. हिवाळ्यात उकाडा नसतो, पण हवा कोरडीच असते आणि अंगावर लोकरीचे व कृत्रिम धाग्याचे कपडे चढतात. मुंबईहून माहेरी आलेल्या मुलीला "तिकडे नाही, इथेच करंट कसा लागतो?" असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हे आहे.

६/
हजारो व्होल्ट असूनही या चटक्याने इजा होत नाही, कारण अंगावर साठलेला प्रभार अत्यल्प असतो आणि तो सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी वेळात संपतो. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या एका थेंबाप्रमाणे तो असतो : उंची मोठी, पाणी थेंबभर. घरातील विजेच्या तारेचा धक्का ही अगदी निराळी गोष्ट आहे. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण वऱ्हाडात त्या फरकावर जीव अवलंबून असतो.

७/
हा गुण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. राळेचा जीवाश्म असलेला एक पिवळसर खडा कापडावर घासला की गवताची काडी ओढून घेतो, हे निरीक्षण ग्रीक परंपरेत इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातील थेल्सच्या नावावर सांगितले जाते. संस्कृतात या खड्याला तृणमणी म्हणतात, म्हणजे गवत ओढणारा मणी. फारसीतला कहरुबा हा शब्दही त्याच अर्थाचा : काडी पळवणारा. याच शब्दापासून अरबीत विजेला कहरबा हे नाव पडले. तीन संस्कृतींनी एकाच खड्याचे एकच लक्षण टिपले.

८/
ग्रीक भाषेत त्या खड्याला इलेक्ट्रॉन म्हणत. १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी चुंबकावरील ग्रंथात दाखवून दिले की हा गुण त्या एकाच खड्याचा नाही. काच, गंधक, लाख यांतही तो आहे. अशा पदार्थांना त्यांनी इलेक्ट्रॉनवरून नाव दिले आणि त्यातूनच पुढे इलेक्ट्रिसिटी हा शब्द रूढ झाला. कोरड्या दिवसांत प्रयोग नीट साधतात आणि दमट हवेत फसतात, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्या विषयाचे सूत्र तिथपासून सुरू होते.

९/
पुढचा टप्पा दोऱ्याचाच आहे. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे यांनी घासलेल्या काचेच्या नळीचा गुण लांब सुतळीतून दूरवर नेऊन दाखवला. सुतळी टांगण्यासाठी रेशमी दोरा वापरला तर प्रभार टिकतो, धातूची तार वापरली तर तो निसटतो, असे त्यांना आढळले. वाहक आणि रोधक हा भेद यातून पुढे आला. १७३३ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यु फे यांनी सुतळी ओली करून पाहिली, तेव्हा वीज आणखी दूर गेली. म्हणजे धाग्याची वीज वाहून नेण्याची क्षमता त्यातील पाण्यावर ठरते.

१०/
१७४५-४६ मध्ये लेडन बरणीचा शोध लागला आणि प्रभार साठवून ठेवणे शक्य झाले. फ्रान्समध्ये नोले यांनी राजा पंधरावा लुई याच्यासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि बरणीचा धक्का दिला. सगळे एकदम उडाले. दरबार हसला. त्या काळी वीज ही करमणुकीची आणि कुतूहलाची वस्तू होती. १७५२ मध्ये आकाशातील वीजही याच जातीची असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा तिचे गांभीर्य वाढले. मराठीत दोन्हींना वीज हा एकच शब्द आहे, हे इथे सहज आठवावे.

११/
हे कुतूहल मराठी माणसाच्या वाड्यातही पोहोचले होते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या संग्रहात ग्रंथांच्या जोडीने हवेचा पंप, खगोलशास्त्राची उपकरणे आणि घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे गेलेल्या युरोपीय पाहुण्यांच्या वर्णनांत येते. मात्र त्याच काळात इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. तिथे हाच गुण रोजच्या नुकसानीचे कारण ठरू लागला.

१२/
गिरणीत नेमके काय होते? सरकी काढलेली रुई पिंजली जाते, तिचे तंतू सरळ केले जातात, पेळू ओढून बारीक होतो आणि शेवटी चातीवर पीळ बसतो. प्रत्येक टप्प्यावर तंतू धातूच्या आणि चामड्याच्या रुळांवर वेगाने घासले जातात. हवा कोरडी असेल तर तंतूंवर प्रभार साठतो. एकाच प्रकारचा प्रभार असलेले तंतू एकमेकांना दूर लोटतात, पेळू विस्कटतो, काही तंतू रुळांना गुंडाळले जातात, काही हवेत उडतात आणि सूत तुटते.

१३/
कापसाचा आणखी एक गुणधर्म आहे. बहुतेक धागे ओले झाले की कमकुवत होतात. कापसाचा धागा ओलाव्याने अधिक बळकट होतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असते, असे व्यापारात धरतात. हवा सुकली की हे पाणी उडते, धागा ठिसूळ होतो आणि त्यातला प्रभारही निघून जात नाही. म्हणून विणकामाच्या खात्यात ७५ ते ८५ टक्के आर्द्रता ठेवण्याची प्रथा आहे. कोरड्या हवेत सूत तुटते हे म्हणणे अशा रीतीने शास्त्रशुद्ध ठरते.

१४/
पण ही अडचण गिरणीच्या साहेबांनी प्रथम ओळखली असे नाही. ढाक्याच्या मलमलीचे अतितलम सूत कातणाऱ्या स्त्रिया पहाटे आणि संध्याकाळी, हवेत दव असताना कातत. आपल्याकडच्या खड्डामागाचा ताणा जमिनीलगत असतो, त्यामुळे मातीचा ओलावा त्याला मिळत राहतो. चरख्याचा वेग गिरणीच्या मानाने मंद, कातणारीची बोटे किंचित घामेजलेली. यंत्राविना हवा सांभाळण्याची ही तंत्रे होती. वऱ्हाडातही रेल्वे येण्यापूर्वी चरखे आणि माग चालत होते आणि त्यांचे कापड लोक नेसत होते.

१५/
आता इतिहासाकडे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. निमित्त होते हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. पुढे १९०२ मध्ये कर्झनच्या काळात हा प्रदेश कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. कंपनीला वऱ्हाड हवाहवासा वाटण्यामागे इथली काळी जमीन होती आणि त्या जमिनीत येणारा कापूस होता.

१६/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. साऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पाठोपाठ बडनेरा-अमरावती शाखा आली. कापसाच्या बाजारपेठांसाठी स्वतंत्र फाटे टाकले गेले, यावरून सरकारची निकड कळते.

१७/
त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे कॉटन कमिशनर होते हॅरी रिव्हेट-कारनॅक. १८६९ मध्ये त्यांनी आपली अपेक्षा लपवून ठेवली नाही. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकले जाईल. इथे सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, असा त्यांच्या लिखाणाचा आशय आहे. या विचारात हवामानाचा उल्लेखही करावा लागत नाही. वऱ्हाडाने कच्चा माल पुरवावा, हे आधीच ठरलेले होते.

१८/
आता लँकेशायरच्या दमट हवेची गोष्ट तपासू. ती हवा दमट आहे हे खरे. पण कापूस-दुष्काळाच्या वर्षांत तिथे हिंदुस्थानी कापूस गेला, ज्याला व्यापारात सरसकट सुरती म्हणत. त्यात वऱ्हाडचाही माल होता. आखूड तंतूंचे ते सूत मागावर टिकावे म्हणून त्याला अधिक खळ द्यावी लागे. पिठाच्या जोडीला चिनी मातीची खळ वाढली. अशी जड खळ दिलेला ताणा जरा कोरडा पडला की तडकतो. म्हणून मालकांनी विणकामाच्या शेडमध्ये नळांतून वाफ सोडायला सुरुवात केली.

१९/
तिथल्या कामगारांनी या वाफेविरुद्ध आवाज उठवला. अंगावरचे कपडे भिजत, बाहेर पडताच थंडी भरे, छाती धरे. अखेर १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून शेडमधील कृत्रिम ओलाव्यावर मर्यादा घालावी लागली. कोणत्या तापमानाला हवेत किती बाष्प चालेल याचा तक्ताच त्या कायद्याला जोडला होता. म्हणजे ज्या लँकेशायरच्या नैसर्गिक दमटपणाचा दाखला आपण देतो, तिथेही हवा यंत्राने ओली करावी लागत होती.

२०/
दुसरा पुरावा वऱ्हाडच्या शेजारचा आहे. जमशेटजी टाटा यांनी मुंबई सोडून गिरणीसाठी नागपूर निवडले. कापसाची शेते जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी, असा त्यांचा हिशेब होता. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. मुंबईच्या अनेक जाणत्यांना हा निर्णय वेडेपणाचा वाटला होता.

२१/
नागपूरची हवा अमरावतीसारखीच कोरडी. जमशेटजींनी तिला शरण जाण्याऐवजी गिरणीत हवा ओली करणारी यंत्रे बसवली आणि जोडीला आग लागताच आपोआप पाणी सोडणारे फवारे बसवले. हिंदुस्थानातील गिरण्यांत या दोन्ही गोष्टी प्रथम आणण्याचे श्रेय एम्प्रेस मिलला दिले जाते. ही जोडी अर्थपूर्ण आहे. कोरड्या हवेत सूतही तुटते आणि उडणारे तंतू झटकन पेटही घेतात. दोन्हींवरचा उपाय पाणी. गिरणी भरभराटीला आली आणि पुढे शतकभर चालली.

२२/
तिसरा पुरावा अहमदाबादचा. तेही कोरड्या हवेचे शहर. तिथे रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ मध्ये पहिली गिरणी सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत अहमदाबाद कापडाची राजधानी झाले. तिथे स्थानिक सावकारांचे आणि व्यापाऱ्यांचे भांडवल कापडात उतरले. उलट मुंबईला समुद्राची हवा लाभली हे खरे, पण तिच्या गिरण्यांमागे बंदर होते, चीनशी चालणारा व्यापार होता आणि त्यातून साठलेला पैसा होता. गिरणी कुठे उभी राहणार हे ठरवण्यात भांडवलाचा वाटा आर्द्रतेहून मोठा होता.

२३/
वऱ्हाडात गिरण्या झाल्याच नाहीत, असेही नाही. बडनेऱ्याला गिरणी होती, अकोल्याला सावतराम रामप्रसाद मिल होती, अचलपूरला विदर्भ मिल होती. जवळच हिंगणघाट आणि पुलगाव इथेही गिरण्या उभ्या राहिल्या. पण बहुतेक कापूस जिनिंग-प्रेसिंगपर्यंतच थांबे. सरकी काढायची, गठाण बांधायची आणि रेल्वेत चढवायची. त्यात १८९६ पासून सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला, तो १९२५ च्या अखेरपर्यंत चालू होता. लँकेशायरला स्पर्धा जड जाऊ नये, हाच त्याचा हेतू होता.

२४/
म्हणून माझे म्हणणे असे : कोरडी हवा ही गिरणीची खरी अडचण होती, पण ती खर्चाने सुटणारी अडचण होती. पाण्याची यंत्रे घेण्याइतके भांडवल आणि आपला कापूस आपणच कातण्याची मोकळीक जिथे होती, तिथे ती सुटली. वऱ्हाडात या दोन गोष्टींची वानवा होती. धोरणाचा परिणाम हवेच्या माथी मारला, की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. आपल्या प्रदेशाविषयी बोलताना "इकडचं हवामानच तसं" हे वाक्य म्हणून जरा जपून वापरावे.

२५/
या उपायाची किंमत कोणी दिली, हेही नोंदवले पाहिजे. वऱ्हाड-नागपूरच्या उन्हाळ्यात बंद शेडमध्ये हवा ओली करायची म्हणजे घाम वाळण्याचा मार्गच बंद करायचा. सुताला जी हवा मानवते ती माणसाला मानवत नाही. हिंदुस्थानातील गिरण्यांमधील आर्द्रतेचा प्रश्न पुढे इतका तीव्र झाला की सरकारने मॅलोनी नावाच्या तज्ज्ञाकडून तपासणी करवली आणि त्यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. धागा न तुटता चालत राहिला, त्याच्यामागे अशा शेडमध्ये उभी राहिलेली माणसे होती.

२६/
याच प्रश्नातून एक असा शब्द जन्मला जो आज प्रत्येकाच्या तोंडी आहे. १९०६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील स्टुअर्ट क्रेमर या गिरण्यांच्या अभियंत्याने सूतगिरणीतील हवेत ओलावा भरण्याच्या आपल्या पद्धतीला एअर कंडिशनिंग असे नाव दिले. धाग्याला कंडिशन करणे, म्हणजे त्याला योग्य तितका ओलावा देणे, ही गिरणीतील जुनी संज्ञा होती. तीच त्याने हवेला लावली. आज आपण ज्याला थंडाव्याचे यंत्र समजतो, त्याचे नाव कापसाच्या ओलाव्यावरून पडले आहे.

२७/
जिनिंगमध्ये तर प्रश्न आगीचा होता. जिनमध्ये आगी अनेक कारणांनी लागतात. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर आपटला तरी ठिणगी उडते. पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेच्या कृषी खात्याने जिनमधील आगींचा अभ्यास केला, तेव्हा कोरड्या हवेत साठणारी स्थितिक विद्युत हेही एक कारण ठरले. उपाय साधा होता : यंत्राचे सर्व धातूचे भाग तारेने जोडून ती तार जमिनीत पुरायची. आपण ज्याला अर्थिंग म्हणतो ते हेच.

२८/
मग घरातला चटका कधी आला? शेणाने सारवलेल्या जमिनीत थोडा ओलावा असे. माणसे घरात अनवाणी वावरत. अंगावर सुती धोतर, सुती लुगडे. प्रभार साठण्यापूर्वीच पायांवाटे जमिनीत जाई. थंडीत घोंगडी झटकताना ठिणगी दिसत असेल. पण दिवसातून दहा वेळा कपाटाचा, दाराच्या कडीचा, पंख्याच्या जाळीचा चटका बसावा, ही परिस्थिती नव्हती. ती आली फरशी, रबरी चपला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कृत्रिम धागा यांच्याबरोबर.

२९/
या कृत्रिम धाग्याचा जन्म कुठे झाला? १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन संशोधकांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. ते मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्या संस्थेत काम करत होते. त्यांचे टेरिलीन पुढे आपल्याकडे टेरिकॉटच्या रूपाने घरोघरी आले. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. पॉलिएस्टरमध्ये ओलावा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, म्हणून प्रभार त्यावर चिकटून राहतो.

३०/
ज्या शहराने वऱ्हाडचा कापूस नेला, त्याच शहरातून कापसाचा प्रतिस्पर्धी आला, आणि तो आज कापूस पिकवणाऱ्याच्याच अंगावर आहे. चटक्यावरचे घरगुती उपाय या इतिहासातूनच निघतात : थंडीत सुती कपडे आत घालावेत, घरात शक्यतो अनवाणी वावरावे, खोलीत थोडा ओलावा ठेवावा, कपाटाला बोट लावण्याआधी हातातील किल्लीने स्पर्श करावा. किल्लीतून ठिणगी गेली की बोटाच्या टोकावर ती एकवटत नाही.

३१/
आता ती गंभीर गोष्ट. वऱ्हाडात उन्हाळ्याला कूलर लागतोच. तो हवा थंड करतो आणि ओलीही करतो. एका अर्थी ते गिरणीतील यंत्राचेच घरगुती रूप आहे. पण दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. कपाटाचा चटका एकदा बसतो आणि संपतो. कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर पुन्हा पुन्हा झिणझिण्या येत असतील, तर ती २३० व्होल्टची गळती आहे आणि ती थांबत नाही. ओला हात, ओली जमीन आणि अनवाणी पाय असताना ती प्राणघातक ठरते.

३२/
आपल्या बोलीत दोन्हींना करंटच म्हणतात, आणि म्हणून "थोडासा करंट येतो, काही नाही होत" असे म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तसे करू नका. पाणी भरण्यापूर्वी कूलरचा प्लग काढा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग असू द्या. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. झिणझिण्या आल्या तर पुन्हा हात लावून खात्री करू नका. मुख्य स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

३३/
शेवटचा मुद्दा बाजारातला. आज कापूस विकायला नेला की त्यात ओलावा मोजणारे यंत्र खुपसतात. ते कापसाचा विद्युत रोध मोजते, कारण ओलावा थोडा वाढला तरी रोध कितीतरी पटींनी घटतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि त्याहून अधिक असेल तर माल परत जातो. पुढे गिरणी त्याच कापसात ओलावा राखण्यासाठी पैसे मोजते. शेतकऱ्याकडे ओलावा हा दोष, गिरणीत ती गरज.

३४/
द्यु फे यांनी सुतळी भिजवून जे पाहिले, तेच त्या यंत्राच्या काट्यावर दिसते आणि तेच कपाटाच्या चटक्यातून जाणवते. नियम निसर्गाचा आहे. त्यातून कोणाचा फायदा व्हावा आणि कोणाची कपात, हे मात्र प्रत्येक काळात माणसांनी ठरवले.

आपल्या घरात कोणी बडनेरा, अकोला, अचलपूर, हिंगणघाट किंवा पुलगावच्या गिरणीत, अथवा एखाद्या जिनात काम केले असेल, तर तिथल्या हवेविषयी, वाफेविषयी, उडणाऱ्या तंतूंविषयी त्यांना जरूर विचारा आणि खाली लिहा. अशा आठवणी दफ्तरखान्यात सापडत नाहीत.